सफाईला प्राणी घेताय? आधी काम किती आहे ते बघा



"भाऊ, काच साफ करनारा मासा भेटते काय?" बोरी अरबला माझ्या दुकानात दर रविवारी कोणी ना कोणी हे विचारतंच. टाकी गोड्या पाण्याची असते, आपण पिशवीत सकर फिश टाकून देतो, विषय संपला. खरं तर संपत नाही. तो मासा वाढत वाढत फूटभर होतो, टाकीत मावत नाही, मग कोणीतरी नेऊन नदीत सोडतं. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, जाळ्यात हा सकर आला की काय होतं ते. त्यावर कधीतरी वेगळं बोलू.

आज बोलायचंय ते खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस मिळून माझे मरीन टाकीचे ग्राहक सात. हसू नका. समुद्र इथून साडेसहाशे-सातशे किलोमीटरवर, त्या मानाने सात चांगले आहेत, आणि या सातांचं वर्षाचं बिल पन्नास गोल्डफिशवाल्यांपेक्षा जास्त होतं. पण तेही शेवटी तेच विचारतात, फक्त इंग्रजी नावाने. "क्लीन-अप क्रू" पाहिजे. म्हणजे गोगलगायी, शंखात राहणारे हर्मिट खेकडे, कोळंबी, तारामासा असा सफाईवाल्यांचा संच. इंटरनेटवर तो पॅकेजमध्ये विकतात.

माझं मत सरळ आहे. हे पॅकेज विकू नये आणि विकत घेऊ नये. आणि हे मी विकून झाल्यावर बोलतोय.

दारव्ह्याच्या एका डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात मी चार फुटी टाकी बसवली, साधारण अडीचशे लिटरची. पाच आठवडे झाले आणि काचेवर, वाळूवर तपकिरी थर आला. मॅडम म्हणाल्या, पेशंट बघतात हो, बरं दिसत नाही. मी अमेरिकन साइटवर वाचलं होतं की एका गॅलनला एक प्राणी. गॅलन म्हणजे 3.785 लिटर, म्हणजे हिशोबाने 66 प्राणी. मी मोठ्या मनाने ते चाळीसवर आणले! 25 गोगलगायी, 12 खेकडे, दोन तारामासे, एक कोळंबी. मुंबईहून ट्रॅव्हल्सने पार्सल आलं. बिल चांगलं झालं, त्या दिवशी मी खूश होतो.

आठ दिवसांत टाकी चकाचक. मॅडमनी फोटो पाठवला, मी तो स्टेटसला ठेवला. सव्वा महिन्याने त्यांचा फोन आला. "दादा, तुमचे सफाई कामगार मेले. आता त्यांची सफाई कोण करणार?"

झालं काय होतं? तो तपकिरी थर म्हणजे डायटम. नव्या टाकीत पाण्यातल्या सिलिकेटवर तो येतो आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप जातो. त्याला चाळीस मजुरांची गरजच नव्हती. असतील शितं तर जमतील भुतं म्हणतात ना, इथे मी भुतं आधी आणली आणि शितं आठ दिवसांत संपली. मग गोगलगायी उपाशी. खेकडे उपाशी, म्हणून ते गोगलगायींवर, मांसासाठीही आणि शंखासाठीही, कारण हर्मिट वाढला की त्याला मोठं घर लागतं आणि मी रिकामे शंख टाकलेच नव्हते. मेलेली गोगलगाय दगडामागे शंखात कुजते, बाहेरून काही दिसत नाही. अमोनिया वाढला आणि जोडीतला एक क्लाऊनफिश गेला. त्या माशाला मॅडमच्या मुलीने नाव ठेवलेलं होतं. मी पैसे परत दिले, पण त्या पोरीशी बोलताना जे वाटलं त्याचं बिल कुठे फाडायचं?

आता मुद्द्याचं. सफाईवाला प्राणी सफाई करत नाही, तो जेवतो. शेवाळ खातो आणि विष्ठा टाकतो. नायट्रेट, फॉस्फेट पाण्यातच राहतं, फक्त काचेवरून वाळूत जातं. टाकीतून घाण खरोखर बाहेर जाते ती तीन वाटांनी : तुम्ही पाणी बदलता तेव्हा, स्किमरचा कप रिकामा करता तेव्हा, आणि शेवाळ खरवडून बादलीत टाकता तेव्हा. शेवाळ खूप येत असेल तर आधी खाणं किती टाकता आणि पाणी कोणतं भरता ते बघा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात मीठ कालवून मरीन टाकी होत नाही, आरओचंच पाणी लागतं.

मी दुकानदारांच्या ट्रेनिंगमध्ये नेहमी विचारतो, गिऱ्हाईक दहा आणि पोरं चार ठेवली तर काय होईल? पोरं आपसात भांडतील. टाकीचं तसंच. आधी काम बघा, मग माणूस ठेवा.

आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. काचेवरचा पातळ थर टर्बो, ट्रोकस जातीच्या गोगलगायी खातात, पण लांब केसासारखं शेवाळ झालं की त्याही बहुधा तोंड फिरवतात, ते हातानेच उपटावं लागतं. लालसर बुळबुळीत पापुद्रा आला तर ते शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया आहे, त्याला जवळपास कोणी खात नाही. नॅसॅरियस वाळूत पुरून बसते आणि खाणं पडलं की सोंड वर काढते. ती उरलेलं खाणं उचलते, शेवाळाला शिवत नाही. तीन-चार असल्या तर बघायला मजा येते. वाळू चाळणारा तारामासा मी आता विकतच नाही. छोट्या टाकीच्या वाळूतले जीव तो काही महिन्यांत संपवतो आणि मग हळूहळू उपाशी मरतो. क्लीनर रास नावाचा निळ्या पट्ट्याचा मासा समुद्रात दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खातो. घरच्या टाकीत तेवढे परजीवी कुठून येणार? त्याच्याऐवजी क्लीनर कोळंबी घ्या, ती आपण टाकलेलं खाणंही खाते. फक्त एक लक्षात ठेवा. व्हाईट स्पॉटसाठी कॉपरचं औषध मुख्य टाकीत टाकलं की कोळंबी, गोगलगाय, खेकडा सगळे जातात. आजारी मासा वेगळ्या टाकीत काढा.

परदेशी यादी वाचून ऑर्डर देऊ नका, याला आणखी एक कारण आहे. कायदा. त्या यादीत समुद्रकाकडी हमखास असते, वाळू साफ करते म्हणून. भारतात 2001 पासून सगळ्या समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत. लक्षद्वीपला चेरियापानीजवळ 2020 मध्ये त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र केलं, यावरून चोरटी शिकार किती असेल ते समजा. शिवाय टाकीत मेली तर तिच्या अंगातलं विष माशांना मारू शकतं. ट्रोकस निलोटिकस आणि टर्बो मार्मोरेटस या दोन मोठ्या शंखांची नावंही 2001 मध्येच संरक्षित यादीत गेली. म्हणून "टर्बो आहे, ट्रोकस आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, सप्लायरला जात विचारा आणि बिलावर लिहून घ्या. एका सप्लायरने मला सांगितलं, "एवढं कोण विचारते भाऊ?" त्याच्याकडून मी माल घेणं बंद केलं.

टाकीत वाढवलेला जीव मिळत असेल तर पहिला तो. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अगत्ती बेटावरच्या महिलांना शोभेची कोळंबी वाढवायला शिकवलंय. आपल्या राज्यात ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानने त्याच संस्थेच्या मदतीने सागरी शोभिवंत माशांची हॅचरी उभारली. असा जीव टाकीला सरावलेला असतो आणि समुद्रातून एक कमी उचलला जातो.

राहिला आपला मे महिना. बाहेर 44-45 डिग्री, त्यात लाईट गेली की टाकीचं पाणी तिशीच्या पुढे जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. पाणी उडतं पण मीठ उडत नाही, खारटपणा वाढत जातो, आणि त्याचा पहिला फटका बिना-हाडाच्या या जीवांनाच. उडालेलं पाणी आरओच्या साध्या पाण्याने भरा, मिठाच्या नाही. एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या. मी एप्रिल ते जून गोगलगायी मागवतच नाही, ग्राहक कितीही मागे लागला तरी. ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत अर्ध्या उकडून येतात.

दुकानदार मित्र म्हणतील, याने चाळीसच्या जागी सहा विकल्या, धंदा काय केला? दीडशेची एक धरा. चाळीसचे सहा हजार एकदा आले आणि माझे परत गेले, वर मासा गेला. आता सहा देतो, दोन महिन्यांनी जाऊन टाकी बघतो, गरज असेल तर आणखी दोन. त्या फेरीत मीठ, टेस्ट किट, आरओचं फिल्टर जातं. काच चकचकीत झाली की वाळलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा क्लिपला लावून द्यायचा, गोगलगायींचं जेवण म्हणून. तो पुडाही माझ्याकडूनच जातो.

डॉक्टर मॅडमच्या टाकीत आज सहा गोगलगायी, चार नॅसॅरियस आणि एक कोळंबी आहे. खेकडे नाहीत. काच दर रविवारी त्यांची मुलगी मॅग्नेटने घासते. नवीन क्लाऊनफिशला तिने अजून नाव ठेवलेलं नाही.