बारीक नळ, भरलेली टाकी

आमच्या ऑफिसात सध्याचा हिट प्रश्न : ‘फोनवर फाइव्ह-जी धो धो वाहतंय, मग ब्लूटूथवरून टॅबला दिलं की त्याची गोगलगाय का होते? आणि फोन तर ब्लूटूथ फाइव्हवाला आहे!’

तर मंडळी, गोम अशी आहे. टाकी कितीही भरलेली असू दे, पाणी येणार नळाच्या जाडीनं. टेदरिंग चालतं ते जुन्या, ‘क्लासिक’ ब्लूटूथवर. २००४ साली आलेल्या व्हर्जन २.० नं त्याचा वेग ३ एमबीपीएसवर नेला. तोही कागदावर! हातात पडतात फार तर दोन. २०१६ च्या ब्लूटूथ ५ नं वेग दुप्पट केला हे खरंय, पण तो ‘लो एनर्जी’ नावाच्या दुसऱ्या भावाचा. म्हणजे घड्याळं आणि फिटनेस बँडवाला. आपला टॅब तिथल्या तिथेच.

आता हिशेब करू. १० एमबीचं प्रेझेंटेशन म्हणजे ८० मेगाबिट्स. दीड एमबीपीएसनं ते जायला जवळपास एक मिनिट. चालतंय की! मेल, चॅट, बातम्या आरामात होतात. एचडी पिक्चर मात्र विसरा. त्यात त्याच फोनला ब्लूटूथ हेडफोन जोडलेला असेल तर एकाच रेडिओच्या वेळेत दोघांची वाटणी. म्हणजे स्पीड आणखी खाली.

मग हा खटाटोप करायचाच कशाला? बॅटरीसाठी! वाय-फाय हॉटस्पॉट फास्ट असतो, पण बॅटरी तितक्याच फास्ट पितो. फोनही तापतो. ब्लूटूथची भूक त्यामानानं फारच कमी. आणि आज आपला फोन म्हणजे पाकीट, तिकीट, कॅब, घरी ‘पोचतेय’ सांगायची सोय, सगळंच. रात्री साडेअकराला स्टेशनाबाहेर तो मेला, तर दुपारी टॅबवर झरझर उघडलेल्या फायलींचं कौतुक कोणाला?

म्हणून माझा नियम साधा आहे. मोठी फाइल किंवा व्हिडिओ कॉल असेल तर हॉटस्पॉट लावायचा, काम झालं की लग्गेच बंद. बाकी दिवसभराच्या मेलामेलीला ब्लूटूथ. एकदा पेअर करा, फोनच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ टेदरिंग ऑन करा, आणि फोन खुशाल बॅगेत टाका.

स्लो आहे, मान्य. पण घरी पोचवतो ना!