ज्यू? आणि अलिबागला?

सर्व्हे कॅम्पहून परतताना आम्ही चौघीजणी अलिबागजवळच्या नवगावला गेलो होतो. कशाला? बीचवर! खोटं कशाला बोला? वाटेत एक जुनी दफनभूमी लागली, आत एक स्मारक. ते बेने इस्रायल समाजाचं आहे असं कळल्यावर माझी रूममेट म्हणाली, "ज्यू? आणि अलिबागला? काहीही!"

मी तरी कुठे शहाणी? कॉन्व्हेंटमध्ये नोहा आणि मोझेस तोंडपाठ झाले, पण शेजारच्या जिल्ह्यातले ज्यू कुणी शिकवले नाहीत. मग होस्टेलवर येऊन वाचत बसले.

परंपरा सांगते की, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नवगावच्या समुद्रात एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. जे बुडाले त्यांना इथेच पुरलं. म्हणजे या समाजाचा भारतातला इतिहास सुरूच होतो एका दफनभूमीपासून! गलबताचं साल कुणी सिद्ध केलेलं नाही, पण २०१६ सालच्या एका जनुकीय अभ्यासात या लोकांमध्ये मध्यपूर्वेचा आणि भारतातला असा दोन्हीकडचा वारसा आढळला. वाचलेल्यांच्या वंशजांनी कोकणात तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना नाव पडलं 'शनवार तेली'. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर. घरात मराठी, कीर्तनंसुद्धा मराठीत. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. थडगी अर्थातच इथे राहिली.

आता माझा मुद्दा. मित्रांनो, "तिथे आता येतं कोण? मग कशाला जपायचं?" असं आमच्याच ग्रुपमध्ये एकजण म्हणाला. मला हे पटत नाही. कोकणातल्या बेने इस्रायली थडग्यांवर हिब्रूबरोबर मराठी मजकूरही कोरलेला असतो. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस दगडावरची अक्षरं झिजवतोच. शिवाय इस्रायलमध्ये वाढलेल्या नातवाला हिब्रू येतं, पण मराठी येईलच असं नाही. आपल्याला मराठी येतं, हिब्रूचा गंधही नाही. म्हणजे पुढे अख्खा दगड वाचणारं कुणीच उरणार नाही! आपल्या वाटणीचा अर्धा तरी आपण वाचायला नको का?

दरवर्षी आपण त्याच टेकडीच्या त्याच कंटूर काढतो. मागच्या बॅचचं जर्नल समोर ठेवून रीडिंग्ज कशी 'जुळवतो' तेही सर्वांना ठाऊक आहे. (सर, माफ करा!) त्याऐवजी कॅम्पमधला एक दिवस अशा दफनभूमीला द्या. समाजाच्या लोकांची रीतसर परवानगी घ्यायची, टोटल स्टेशन लावायचं, प्रत्येक थडग्याला नकाशावर नंबर द्यायचा, फोटो काढायचा आणि मराठी मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यायचा. दगडाला रंग नाही, खडू नाही, घासणं तर नाहीच. नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीला, एक अलिबागच्या सिनेगॉगला, एक आपल्या लायब्ररीत. खर्च फार तर एसटीचा आणि वडापावचा.

ज्यू लोक थडग्यावर फुलं न वाहता छोटा दगड ठेवतात, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. पुढच्या वेळी ठेवीन. कोण येतंय बरोबर?

– टी. ई. सिव्हिल, लेडीज होस्टेल