हाताची नस आणि कोयता



गळीत हंगामाआधी आपण मिलचे रोलर, बॉयलरच्या नळ्या, वजनकाटा सगळे उघडून पाहतो. पण ज्या हातांनी ऊस तुटतो आणि मोळी बांधली जाते, ते हात आपण कधी तपासले? हा प्रश्न आम्ही आज विचारणार आहोत.

मागे एका हंगामात कुर्डुवाडीच्या बाजूच्या फडात एका तोडणीवाल्याच्या डाव्या मनगटावर कोयता बसला. डाव्या हातात ऊस, उजव्यात कोयता. कोयता घसरला की मनगटच सापडते. टाके पडले, जखम भरली, "चला, निभावलं" म्हणून सगळे विसरले. दोन-तीन महिन्यांनी करंगळी आणि शेजारचे बोट वाकू लागले, अंगठ्याच्या बेचक्यात खड्डा पडला, मोळी आवळताना वाढ्याची पकड सुटू लागली. मोठ्या दवाखान्यात नेल्यावर कळले की त्या दिवशी नसही तुटली होती. आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. एक हात गेला की अख्खा कोयता बसतो आणि अंगावर उचल मात्र तशीच राहते.

नस म्हणजे येथे रक्ताची शीर समजू नये. मेंदूचा हुकूम बोटापर्यंत नेणारी आणि बोटाची जाणीव परत आणणारी ती तार. तार तुटली किंवा दबली की तिच्यावर चालणारा स्नायू हळूहळू वाळतो. तुटलेली नस नीट जोडली तर ती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते. कोपरापासून तळहातापर्यंत फूटभर अंतर धरले, तर तेवढे कापायला दहा महिने लागतात. इकडे हुकूम न मिळालेला स्नायू वर्ष-दीड वर्षात असा बाद होतो की मग नस पोहोचूनही उपयोग नसतो. म्हणून "बघू हंगाम संपल्यावर" हे वाक्य हाताच्या बाबतीत फार महाग पडते.

आता नस कितपत बिघडली हे ओळखायचे कसे? विजेचा बारीक झटका देऊन नसेचा वेग मोजतात आणि स्नायूत सुई घालून त्याची हालचाल पाहतात. ही तपासणी महत्त्वाची आहे, पण ती मोठ्या शहरात होते आणि सुईला माणूस बिचकतो. तिच्या जोडीला आता स्नायूची सोनोग्राफी आली आहे. लंडनच्या डॉक्टरांनी 1980 साली स्नायूंच्या आजाराच्या मुलांवर ती करून दाखवली. निरोगी स्नायू पडद्यावर काळसर दिसतो, मधे पांढऱ्या बारीक रेघा. नस तुटलेला स्नायू पातळ होतो आणि पांढुरका दिसू लागतो. आत बारीक फडफड चालू असेल तर तीही दिसते. दोन्ही हात शेजारी ठेवून पाहिले की फरक डोळ्यात भरतो. सूक्ष्म चित्र देणारे यंत्र असेल तर खुद्द नसही दिसते : कुठे तुटली, मनगटात कुठे दबून सुजली. धारा काढताना ज्यांच्या बोटांना मुंग्या येतात, रात्री हात झटकत उठावे लागते, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

कुष्ठरोगातही कोपरामागची नस जाड होऊन हात वाकडा होतो. हैदराबादच्या संशोधकांनी नेदरलँड्सच्या डॉक्टरांबरोबर 2009 साली दाखवले की ही जाडी सोनोग्राफीत मोजता येते. हा रोग औषधाने बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मात्र नस मेल्यावर गेलेला हात औषधाने परत येत नाही. तेव्हा बधिर चट्टा लपवण्यात काय हशील?

सोनोग्राफी म्हणजे जादूची कांडी आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. इजेनंतरच्या पहिल्या दिवसांत स्नायू वरून ठाकठीकच दिसतो, आणि पाहणारा डॉक्टरही जाणकार हवा. विजेची तपासणी तिने सुटत नाही.

कोणी म्हणेल, मशीनच फडावर आणा. ते जमणार नाही. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने 1988 साली देशात सर्वांत आधी कायदा केला, 1994 साली केंद्राचा झाला. यंत्राची नोंदणी लागते आणि ते नोंदणीच्या जागेबाहेर मनमानीने हलवता येत नाही. हा निर्बंध योग्यच आहे, लेकींच्या जिवासाठी आहे. तेव्हा मशीन माणसाकडे येत नसेल, तर माणसाला मशीनपर्यंत नेऊ या.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. टोळी उतरली की प्रत्येकाचा हात पाहावा. अंगठा आणि तर्जनीच्या कडेत कागद धरायला सांगून ओढावा; तो धरून ठेवताना अंगठ्याचे टोक वाकले तर समजावे की नसेत काहीतरी आहे. मनगटाची जखम झाली, तर टाक्यांपूर्वी बोटांची हालचाल आणि जाणीव तपासून घ्यावी, शंका आल्यास त्याच दिवशी सर्जनकडे पाठवावे. संशयितांची यादी करून त्यांना बार्शी किंवा सोलापूरला तपासणीसाठी न्यावे. जाण्यायेण्याची गाडी आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी कारखान्याने द्यावी. मजुरी बुडेल या धाकानेच माणूस दुखणे अंगावर काढतो.

तोडणीवाला सभासद नाही, असे कोणी वार्षिक सभेत म्हणेल. कबूल. पण त्याचा हात थांबला तर आपला ऊस फडातच वाळतो, हे सभासदाला वेगळे सांगायला नको. आणि उद्या कडबा कापताना तीच जखम आपल्या घरातल्या मनगटाला होऊ शकते. येत्या सभेत हा विषय घ्यावा, एवढी आमची आग्रहाची विनंती आहे.