मोफत प्रतीक्षा

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयात चर्चासत्र झाले, त्यासाठी परदेशातून एक प्राध्यापक आले होते. त्यांचे विमान रात्री दीड वाजता उतरणार होते आणि राहण्याची सोय चर्चगेटच्या बाजूच्या एका हॉटेलात होती. कार्यालयाने आधीच खासगी गाडी ठरवून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी प्राध्यापकमहाशय मोठ्या समाधानाने सांगत होते, की बाहेर आलो, पाटीवर आपले नाव दिसले आणि जिवात जीव आला. ऐकणाऱ्या सर्वांनी माना डोलावल्या. स्वयंसेविका म्हणून बिस्किटांच्या बशा मांडीत मीही तिथेच उभी होते. माझ्या मनात मात्र निराळाच प्रश्न आला. ती पाटी धरणारा किती वाजल्यापासून उभा होता?

हा प्रश्न मला सुचला यात माझी काही हुशारी नाही. माझे वडील हेच काम करतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्या धंद्यात याला ‘पिकअपची ड्युटी’ म्हणतात. गाडी त्यांची स्वतःची, पिवळ्या नंबरपाटीची. बँकेचे हप्ते अजून चालू आहेत. अण्णा सातवीपर्यंत शिकले. इंग्रजी अक्षरे त्यांना ओळखता येतात, पण लिहायला हात वळत नाही. त्यामुळे मी आठवीत गेल्यापासून पाट्या लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. (मधली टाळेबंदीची वर्षे सोडून. मार्च २०२० ते मार्च २०२२ या काळात नियमित आंतरराष्ट्रीय विमाने बंद होती आणि अण्णा भाजीच्या गोण्या वाहून नेत होते.) पांढरा पुठ्ठा, जाड काळा मार्कर आणि एजंटाकडून मोबाईलवर आलेले नाव. पुठ्ठा दोन्ही बाजूंनी वापरायचा. जर्मन नावे, जपानी नावे, एका श्वासात न संपणारी श्रीलंकेची नावे! भूगोलाच्या पुस्तकातले देश मला कधी नीट पाठ झाले नाहीत. ते असे स्वयंपाकाच्या ओट्यावर मला भेटत गेले.

तेव्हा मी या विषयावर तटस्थपणे लिहीत आहे असा दावा करीत नाही. परंतु प्रवाशाची बाजू मला समजत नाही असेही कोणी समजू नये. युरोपातून आणि आखातातून येणारी कितीतरी विमाने मुंबईत उतरतात ती ऐन मध्यरात्रीच्या सुमारास. माणूस आठ-दहा तासांचा प्रवास करून येतो, पारपत्राच्या रांगेत उभा राहतो, सामानाच्या फिरत्या पट्ट्यापाशी ताटकळतो आणि बाहेर पडताच चारी बाजूंनी “टॅक्सी, सर? टॅक्सी?” असा गलका त्याच्या अंगावर येतो. कोणाचे खरे मानायचे? भाडे योग्य की अयोग्य हे त्याने कशावरून ठरवायचे? अण्णा स्वतःच म्हणतात, “पोरी, रात्री दोनला तू परक्या गावात उतरणार असशील, तर मीसुद्धा तुला सांगीन, आधी गाडी ठरवूनच जा.”

आणि हा अविश्वास काही आकाशातून पडलेला नाही. जवळचे भाडे नाकारणे, मीटर न टाकता अवाच्या सवा रक्कम सांगणे, नवख्या माणसाला लांबच्या रस्त्याने फिरवणे, हे या शहरातल्या चालकांनी केलेले आहे. भाडे नाकारणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १७८व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. तरी तो रोज घडतो. आमच्याच लोकांनी गिऱ्हाईक गमावले आणि दूर देशातल्या कोणी संगणकावर ते उचलले. हे मान्य केल्याखेरीज पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

दुसरे मार्ग नाहीत असेही नाही. विमानतळावर पूर्वदत्त, म्हणजे प्रीपेड टॅक्सीची खिडकी आहे. तिथे पैसे भरून पावती घ्यावी आणि टॅक्सीत बसावे. ऑक्टोबर २०२५ पासून तिसऱ्या मार्गिकेची मेट्रो थेट कफ परेडपर्यंत धावू लागली; दोन्ही टर्मिनलांना स्थानके आहेत आणि आरेपासून कफ परेडपर्यंतच्या संपूर्ण प्रवासाचे तिकीट ७० रुपये आहे. दिवसा एक बॅग घेऊन येणाऱ्याने खुशाल मेट्रोने जावे. पण ज्या वेळी अण्णा कठड्याशी उभे असतात त्या वेळी मेट्रो झोपलेली असते. म्हणून रात्रीचा पाहुणा गाडी ठरवूनच येणार, हे मी गृहीत धरते. माझे म्हणणे त्या ठरवण्याच्या पद्धतीविषयी आहे.

एकदा एका इंग्रज पाहुण्याचा छापील कागद आमच्या गाडीत मागच्या सीटच्या खिशात राहिला. अण्णांनी तो जपून घरी आणला. पाहुण्याला लागेल, परत पाठवू, असा त्यांचा विचार. मी तो वाचला. विमानतळ ते कुलाब्याचे हॉटेल, लहान मोटार, ३८ पौंड. त्या दिवसाच्या दराने हे चार हजार रुपयांच्या वर जात होते. अण्णांना त्या ड्युटीचे मिळाले होते १४०० रुपये. त्यातच पार्किंग, आणि त्यातच वांद्रे-वरळी सागरी सेतूचा पथकर, जो १ एप्रिल २०२४ पासून मोटारीला एका वेळचे १०० रुपये आहे. उरलेले पैसे कुठे गेले? पाहुण्याने पैसे भरले परदेशातल्या कंपनीला. तिने काम दिले दिल्लीच्या कंपनीला, दिल्लीने मुंबईच्या एजंटाला, एजंटाने अण्णांना. प्रत्येकाने आपापला वाटा काढून घेतला. मी हे सांगितले तेव्हा अण्णा रागावतील असे मला वाटले होते. ते एवढेच म्हणाले, “तो कागद आईला दाखवू नको.”

पण मला रक्कम खुपली नाही इतकी त्या कागदावरची एक ओळ खुपली. ‘६० मिनिटे मोफत प्रतीक्षा.’ विमान टेकल्यापासून एक तास गाडी पाहुण्यासाठी थांबेल आणि त्याबद्दल काहीही आकार पडणार नाही, असे कंपनीचे आश्वासन होते. वाचायला किती उदार वाटते! पण हे औदार्य कोणाचे? परदेशातली कंपनी थांबत नाही, दिल्लीची थांबत नाही, एजंट तर त्या वेळी झोपलेला असतो. थांबतात अण्णा. आणि तेही एकच तास नव्हे. विमान कधी वेळेआधी येते, म्हणून त्यांना अर्धा तास अगोदर हजर राहावे लागते. पार्किंगचा आकार वेळेप्रमाणे वाढत जातो, म्हणून ते शक्य तितका वेळ गाडी बाहेर कुठेतरी उभी करतात आणि हवालदार आला की पुढे काढतात. दुसऱ्याच्या वेळेचे दान करून पुण्य आपल्या खात्यावर जमा करण्याचा हा प्रकार आहे.

याच्या उलट आपली जुनी काळी-पिवळी टॅक्सी पाहा. आज आपण तिला मागासलेली समजतो. पण तिच्या मीटरला अंतर जसे मोजता येते तसे थांबणेही मोजता येते. गाडी उभी असली तरी आकडा पुढे सरकतो. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत सव्वापट भाडे घेण्याची तिला मुभा आहे. म्हणजे थांबणे हे काम आहे आणि रात्रीचे काम दिवसापेक्षा जड आहे, या दोन्ही गोष्टी त्या लहानशा पेटीला केव्हाच समजलेल्या आहेत. अण्णांच्या धंद्यातही पूर्वी ‘गॅरेज टू गॅरेज’ हिशेब असे. गाडी घरून निघाली की वेळ सुरू, घरी परतली की बंद. वर चालकाला रात्रीचा भत्ता. मोठ्या कंपन्यांच्या कामात तो अजून चालतो. संगणकावरून आलेल्या ड्युटीत तो नाहीसा झाला, आणि तो नाहीसा झाला यालाच ‘मोफत’ म्हणतात.

आता मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळेच हा लेख लिहायला बसले. लंडनचे विमान रात्री पाऊण वाजता यायचे होते. नाव एका बाईंचे आले होते. मी पाटी लिहिली. अण्णा सव्वाबारापासून उभे. विमान वेळेवर आले. एक तास गेला, दोन गेले, माणसे येऊन गेली, पाटीकडे कोणी पाहिले नाही. पावणेचारला एजंटाचा फोन : “गेस्ट हॉटेलात पोचून तक्रार करून बसलाय, आणि तू कुठे आहेस?” अण्णा कठड्याशीच होते. ड्युटी रद्द झाली, भाडे बुडाले, पार्किंग पदरचे गेले आणि वर पाचशे रुपये दंड कापला गेला. एजंटाने तक्रारीचा मजकूर अण्णांना पुढे पाठवला होता. सकाळी मी तो वाचला तेव्हा उलगडा झाला. गाडी नोंदवली होती कार्यालयातल्या कुणी बाईंनी, त्यांच्या स्वतःच्या नावाने. प्रवास करणारे गृहस्थ निराळेच. ते बिचारे आपले नाव शोधत पाट्यांसमोरून दोनदा गेले असतील आणि शेवटी दुसरी गाडी करून निघून गेले असतील. मी घोटून लिहिलेली पाटी अगदी बिनचूक होती, आणि तिचा काही उपयोग नव्हता.

मी एजंटाला इंग्रजीत पत्र लिहिले. माझ्या आयुष्यातले ते पहिले खरे पत्र, परीक्षेतले सोडून. अण्णा उभे राहिल्याबरोबर पाटीसह स्वतःचे छायाचित्र एजंटाला पाठवतात, तशी पद्धतच आहे. त्यावर रात्री १२ वाजून १८ मिनिटे अशी वेळ होती. ते छायाचित्र जोडले, नावाचा घोटाळा कसा झाला ते सांगितले. अण्णा म्हणत होते, “जाऊ दे, उद्या काम द्यायचा नाही तो.” ही भीती खरी होती आणि पत्र पाठवल्यावर दोन रात्री मला झोप लागली नाही. घर चालवणाऱ्याच्या वतीने धीट होणे सोपे असते, हे मला तेव्हा कळले. तीन आठवड्यांनी दंडाचे पाचशे परत आले. भाडे आले नाही. उभे राहण्याचे तर कोणी बोललेच नाही.

माझ्या एका मित्राने यावर म्हटले, की हा बाजार आहे. परवडत नसेल तर तुझ्या वडिलांनी ते काम घेऊ नये. अर्थशास्त्राच्या तासाला हे उत्तर चालेल. पण मीटरही बाजारातच आहे. फरक इतकाच, की मीटर गाडीत समोर बसवलेला असतो आणि आकडा दोघांनाही दिसतो. इथे पैसे देणाऱ्याला चालकाला किती मिळतात ते दिसत नाही, आणि चालकाला पाहुण्याने किती दिले ते कोणी कागद विसरला तरच कळते. केंद्र सरकारने २०२० साली मोबाईलवरून टॅक्सी पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत भाड्याचा निदान ८० टक्के भाग चालकाला मिळावा असे म्हटले; २०२५ च्या सुधारणेतही स्वतःची गाडी असणाऱ्यासाठी हे प्रमाण ठेवले आहे. आमच्या घरातल्या त्या कागदाचा हिशेब मी केला, तर तिसरा हिस्सासुद्धा पुरता भरत नव्हता.

मला वाटते, अशा पावतीवर चालकाची रक्कम स्वतंत्र दाखवली पाहिजे आणि पहिल्या मिनिटापासूनचे थांबणे तिच्यात धरले पाहिजे. मग भाडे चारशे रुपयांनी वाढले तरी चालेल. जो माणूस निर्धास्तपणासाठी ३८ पौंड देतो तो आणखी चार पौंड देईल; फक्त ते कोणाला जातात हे त्याला समजू द्या. हे होईपर्यंत गाडी ठरवणाऱ्यांनी निदान काही गोष्टी कराव्यात. नाव प्रवाशाचे द्यावे, आपले नव्हे. विमानाचा क्रमांक आणि प्रवाशाचा फोन देशाच्या संकेतांकासह द्यावा. सामान यायला वेळ लागत असेल तर आतूनच चालकाला एक निरोप धाडावा. आणि हॉटेलशी उतरताना चालक ड्युटी स्लिप पुढे करतो, तिच्यावर डोळे झाकून सही न करता आपण खरोखर किती वाजता बाहेर आलो ती वेळ लिहावी. अण्णांच्या वहीला अशा कितीतरी स्लिपा टाचलेल्या आहेत. सह्या सगळ्यांच्या आहेत, वेळ बहुतेक ठिकाणी कोरी.

या वर्षी पुन्हा चर्चासत्र आहे आणि पाहुणेही आहेत. गाडी नोंदवताना चालकाला किती मिळणार ते विचाराल का, असे मी कार्यालयात जाऊन विचारले. तिथले काका भले गृहस्थ आहेत. ते रागावले नाहीत. त्यांनी मागच्या वर्षीची पावती काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, “बघ बाई, तसा रकानाच नाही.” मी पावती दोन्ही बाजूंनी पाहिली. प्राध्यापकांचे नाव होते, हॉटेलचे होते, गाडीचा प्रकार होता, कर होता, ६० मिनिटे मोफत प्रतीक्षाही होती. काकांनी फोनवर विचारून बघतो असे म्हटले आहे.