क्वेरी सांगण्याआधी टेबल पाहा

नांदेड-लातूरकडच्या पतसंस्था, शिक्षणसंस्था आणि सरकारी कार्यालयांचा कारभार आता डेटाबेसवर चालतो. तो सांभाळणारा माणूस बहुतेक ठिकाणी एकटाच असतो. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, अडली की तो ओळखीच्या जाणकाराला फोन लावतो आणि जाणकार दोन ओळी सांगून मोकळा होतो. ही मदत मनापासूनची असली तरी अपुरी आहे, असे माझे ठाम मत आहे. टेबलांची रचना, नमुन्यादाखल काही नोंदी आणि नेमके कोणते उत्तर हवे आहे, या तीन गोष्टी मागून घेतल्याशिवाय जाणकाराने क्वेरी सांगूच नये.

याचे कारण या तंत्रातच आहे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडले आणि त्यातून एसक्यूएल भाषा आली. तिच्यात आपण काय हवे ते सांगतो. ते कसे शोधायचे हे यंत्रणा ठरवते. त्यामुळे प्रश्नच चुकीचा विचारला गेला, तर यंत्रणा त्या चुकीच्या प्रश्नाचे अचूक उत्तर देते. समजा, अनुदान न मिळालेल्या शेतकऱ्यांची यादी काढायची आहे आणि त्यासाठी ‘अनुदानाच्या टेबलात नसलेले’ अशा अर्थाचे ‘नॉट इन’ वापरले. अनुदानाच्या टेबलात एका जरी नोंदीत आधार क्रमांक ‘नल’, म्हणजे रिकामा, असेल, तर सगळी यादी रिकामी येते, कारण ‘नल’शी केलेली तुलना खरीही ठरत नाही आणि खोटीही. त्रुटीचा कोणताही संदेश दिसत नाही. पाहणारा समजतो, कुणीच वंचित राहिलेले नाही. अशा वेळी ‘नॉट एक्झिस्ट्स वापरा’ एवढेच सांगितले, तर आजची यादी दुरुस्त होते. ती जागा रिकामी राहिलीच कशी, हे विचारले तर पुढच्या सगळ्या याद्या वाचतात.

हा धोका काल्पनिक नाही. राज्याच्या २०१७ च्या कर्जमाफीत एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकऱ्यांच्या नोंदी आढळल्या, बँकांची माहिती आणि ऑनलाइन अर्ज जुळेनात, आणि लाभाच्या याद्या रखडल्या. अशी दुबार नोंद टेबलात शिरतानाच अडवायची असते. मागाहून कितीही हुशार क्वेरी लिहिली तरी खरा खातेदार कोण, हे ती सांगू शकत नाही. नावांचेही तसेच आहे. १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला आणि २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. जिथे जिल्ह्याच्या नावावरच दोन टेबले जोडलेली आहेत, तिथे जुन्या-नव्या नोंदी जुळणार नाहीत. जॉइनमध्ये नोंदी का गळतात, असे विचारणाऱ्याला पर्यायी नाव जोडून देणे ही तात्पुरती सोय झाली. न बदलणारा संकेतांक ठेवायला लावणे हा उपाय आहे.

यावर कुणी म्हणेल, संध्याकाळी अहवाल द्यायचा असताना एवढी चौकशी कोण करणार? पण ही चौकशी काही मिनिटांची असते आणि चुकीचा अहवाल निस्तरायला आठवडे जातात. दुसरा आक्षेप असा की, आता कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात क्वेरी लिहून देते. देते खरी, पण आधार क्रमांकाची जागा तुमच्या कार्यालयात रिकामी का राहते, हे तुम्ही सांगितल्याशिवाय तिलाही कळत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत रास्त आहे: शेतकऱ्यांची किंवा ठेवीदारांची माहिती बाहेरच्या माणसाला दाखवायची कशी? ती दाखवूच नये. बनावट नावांच्या पाच-सहा नोंदींत तीच अडचण उभी करता येते, आणि ती उभी करताना विचारणाऱ्याला स्वतःलाच अनेकदा चूक सापडते.

म्हणून नांदेडची श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि त्याचे लातूरचे उपकेंद्र यांना माझी विनंती आहे. डेटाबेसच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याने क्वेरी लिहिली की गुण मिळतात. दुसऱ्याची अडचण ऐकून तिच्या मुळाशी जाण्यालाही गुण द्या. जिल्ह्यातल्या संस्थांच्या खऱ्या अडचणी, नावे बदलून, विद्यार्थ्यांपुढे ठेवा. बॅकअप घेतल्याशिवाय ‘अपडेट’ किंवा ‘डिलीट’ची ओळ कुणालाही सांगायची नाही, हा नियम पहिल्याच तासाला शिकवा. आणि जाणकारांनो, पुढचा फोन येईल तेव्हा उत्तराची घाई करू नका; आधी टेबल पाहायला मागा.