मिया कविता: कवितेला उत्तर कवितेनं, की एफआयआरनं?

महाराष्ट्रातून राज्यसभेवर निवडून गेलेले खासदार आणि शायर इम्रान प्रतापगढी यांच्यावर गुजरातमधील जामनगर इथं दाखल झालेला गुन्हा सुप्रीम कोर्टानं २८ मार्च २०२५ रोजी रद्द केला. प्रकरण एवढंच होतं की त्यांनी सोशल मीडियावर ४६ सेकंदांचा एक व्हिडिओ टाकला आणि त्यामागे एक उर्दू नज्म ऐकू येत होती. निकाल आपल्याकडे आनंदानं वाचला गेला, आणि त्यात गैर काही नाही. पण खासदाराच्या बाजूनं दिल्लीतले नामांकित वकील उभे राहतात. ज्याच्या मागे कुणीच नाही अशा एखाद्या गावातल्या कवीचं काय? आणि एकानं कविता लिहिली, दुसऱ्यानं तिला कवितेतच उत्तर दिलं, तिसऱ्यानं त्यात आपली भर घातली, आणि पोलिसांनी ही सगळी साखळीच आरोपी केली, तर?

हे ‘तर’ आसाममध्ये घडून गेलं आहे. आपल्या मराठी वर्तमानपत्रांत त्याची दखल फारशी घेतली गेली नाही, म्हणून जरा सविस्तर सांगणं गरजेचं वाटतं.

ब्रह्मपुत्रेच्या पात्रात वाळू-गाळाची बेटं आहेत. तिथं त्यांना ‘चर’ किंवा ‘चर-चापोरी’ म्हणतात. पुरात ती खचतात, वाहून जातात, दुसरीकडे नवी तयार होतात. त्यांच्याबरोबर माणसांचे पत्तेही बदलत राहतात. या बेटांवर राहणारे बहुतेक जण बंगाली वंशाचे मुसलमान. इंग्रजांच्या काळात मैमनसिंग, रंगपूर अशा पूर्व बंगालच्या जिल्ह्यांतून त्यांचे आजे-पणजे शेतीसाठी इथं आले. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनेत त्यांनी मोठ्या संख्येनं आपली मातृभाषा ‘असमिया’ अशी नोंदवली, मुलांना असमिया शाळांत घातलं. तरीही त्यांना एक नाव चिकटलं ते चिकटलंच: ‘मिया’.

आपल्याकडे ‘मियाँ’ हा आदराचा शब्द. टोमणा म्हणूनही तो कसा वापरला जातो, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. आसाममध्ये मात्र त्यातला आदर जवळजवळ पुसला गेला. तिथं कुणाला ‘मिया’ म्हणणं म्हणजे ‘तू बाहेरचा, तू बांगलादेशी’ असं तोंडावर सांगणं.

एप्रिल २०१६ मध्ये हाफिज अहमद यांनी फेसबुकवर एक कविता टाकली. ते चर-चापोरी साहित्य परिषदेचे अध्यक्ष, असमिया भाषेसाठी वर्षानुवर्षं काम केलेले गृहस्थ. त्याच महिन्यात राज्यात विधानसभेसाठी मतदान झालं होतं आणि ‘घुसखोर’ हा शब्द प्रचारसभांमधून घुमत होता. कवितेत एक माणूस नोंद करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर उभा आहे आणि आपली ओळख स्वतःच्या तोंडानं सांगतो आहे. जो शब्द शिवी म्हणून त्याच्या अंगावर फेकला जातो, तोच तो नोंदवायला लावतो. पॅलेस्टाईनचे कवी महमूद दरवेश यांच्या १९६४ सालच्या ‘ओळखपत्र’ या कवितेची सावली तिच्यावर उघड दिसते. दरवेश यांच्या कवितेत इस्रायली अधिकारी होता, इथं एनआरसीचा कारकून आला, एवढाच काय तो फरक.

खरी गोष्ट पुढे आहे. शलीम हुसैन या तरुण कवीनं तिला कवितेतच उत्तर दिलं. नातू आजोबांना कळवतो आहे की तुम्ही सांगितलंत तसं लिहून दिलं, सही-शिक्क्यासह दिलं. म्हणजे पहिल्या कवितेतला हुकूम दुसऱ्या कवितेत अमलात आला. मग आणखी कुणी लिहिलं, मग आणखी कुणी. कुणी असमियात, कुणी इंग्रजीत, तर कुणी थेट चरावरच्या घरगुती बोलीत. प्रत्येक जण आधीच्या कवितेचा धागा पकडून आपलं दुःख, आपली चेष्टा, आपला राग त्यात ओवत गेला. यालाच पुढे ‘मिया कविता’ म्हटलं गेलं.

या विषयावर आसामात आधी कविता झाल्याच नव्हत्या असं नाही. १९३९ मध्ये मौलाना बंदे अली यांनी चरावरच्या माणसाचं मनोगत लिहिलं होतं. त्याचा सूर असा होता की आम्ही याच मातीचे झालो आहोत. १८ फेब्रुवारी १९८३ रोजी नेल्लीत जे घडलं, ज्यात सरकारी आकड्यांप्रमाणेच १,८०० हून अधिक माणसं मारली गेली, त्यानंतर १९८५ मध्ये खबीर अहमद यांनी अर्ज-विनंतीच्या भाषेत एक कविता लिहिली. दोन्हींत विनवणी आहे. २०१६ मध्ये विनवणी संपली. आमच्या मते याचं एक कारण असं की या वेळी कवी एकटा नव्हता. एकटा माणूस अर्ज करतो. दहा जण एकमेकांना ऐकत असतील तर त्यांना अर्जाची गरज वाटत नाही.

उर्दू शायरी ऐकत वाढलेल्यांना ही रीत नवी नाही. तरही मुशायऱ्यात एक मिसरा दिला जातो आणि सगळे शायर त्याच जमिनीवर गझल बांधून आणतात. आणि उर्दू बाजूला ठेवली तरी कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब आपल्याच मातीतले. पेशवाईतले शाहीर सगनभाऊ मुसलमान होते. त्यांची लावणी रंगली ती अशाच फडांच्या चढाओढीत. फडात एकानं कोडं घातलं आणि समोरच्यानं नुसत्या टाळ्या वाजवल्या, तर लोक त्याला हरलाच म्हणतील. दाद द्यायची ती नवीन रचना करून. आसामच्या पोरांनी मिसरा म्हणून एक शिवी घेतली आणि तरही मुशायरा फेसबुकवर भरवला, इतकंच.

मग १० जुलै २०१९ आला. गुवाहाटीच्या पानबाजार पोलीस ठाण्यात दहा जणांवर गुन्हा नोंदवला गेला. त्यात हाफिज अहमद होते, रेहना सुलताना होत्या, पुढे आमदार झालेले अश्रफुल हुसैनही होते. आरोप असा की या कविता असमिया लोकांना जगापुढे परकीयद्वेष्टे म्हणून उभं करतात आणि एनआरसीच्या कामात अडथळा आणतात. पाठोपाठ आणखी तक्रारी झाल्या. गुवाहाटी हायकोर्टानं कवींना अटकेपासून संरक्षण दिलं. पण ती वेळ बघा. एनआरसीची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी लागायची होती. सुमारे ३ कोटी ३० लाख अर्जदारांपैकी १९,०६,६५७ जण त्या यादीबाहेर राहिले. यादी सात आठवड्यांवर आलेली असताना ज्याच्या स्वतःच्या घरात कागदपत्रांची फाईल उघडी पडली आहे, त्यानं पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारायच्या. चरावरच्या एखाद्या अकराव्या कवीनं हे पाहून काय केलं असेल? त्यानं लिहिलंच नसेल. त्याच्यावर गुन्हा नाही, त्याची कुठे नोंद नाही, त्याची बातमीही नाही. अशा प्रकरणांत खरं नुकसान या अकराव्या माणसाचं होतं, आणि ते मोजायची सोय कुठल्याच कोर्टात नाही.

पोलिसांपेक्षा जास्त विचार करायला लावणारी टीका मात्र दुसरीकडून आली. हिरेन गोहाईं हे आसामचे ज्येष्ठ, डाव्या विचारांचे विचारवंत. अल्पसंख्याकांच्या बाजूनं ते अनेकदा उभे राहिले आहेत. त्यांनीच विचारलं की हे कवी असमिया सोडून बोलीत का लिहितात? या समाजानं असमिया स्वीकारली म्हणून त्याला जागा मिळाली. आता बोलीचा झेंडा उभारला तर विरोधकांच्या हातात कोलीत जाईल, असा त्यांचा रोख होता. त्यांच्या हेतूवर आम्हाला शंका नाही. पण युक्तिवाद पटत नाही. शाळेत, कचेरीत, पुस्तकात असमियाच वापरणाऱ्या माणसानं आईशी बोलायच्या भाषेत चार ओळी लिहिल्या, तर असमियाचं काय बिघडतं? आणि ज्याची निष्ठा तीन पिढ्यांनंतरही अशी कविता-कवितेला तपासली जाते, त्याला ‘जागा मिळाली’ असं म्हणायचं तरी कसं?

हा वाद आपल्या घरातलाही आहे. सोलापूर-मराठवाड्यात घरात दखनी, रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांत कोकणी वळणाची बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि मदरशात उर्दू, असे आपण तीन-चार जबानींत वाढतो. मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ उभी करताना फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्यांनी हेच सांगितलं होतं की मराठी मुसलमान हा या मातीतला आहे आणि त्याचं जगणं मराठीत त्याच्याच तोंडून आलं पाहिजे. १९९० मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं ते याच आग्रहातून. त्याच्याही आधी दलित कवींनी हीच वाट पाडली होती. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हा त्यांच्या भाषेला नाकं मुरडणारे कमी नव्हते.

पण आज आपल्या मोबाईलवर काय चालतं? कुणीतरी नज्म टाकतो, खाली टाळ्यांची चित्रं, ‘वाह’, ‘बहोत खूब’, ‘माशाअल्लाह’, आणि पुढची नज्म. कवितेला कविता मिळत नाही. एखाद्या मुलीनं दखनीत दोन कडवी लिहिली तर तिला इस्लाह मिळते ती व्याकरणाची. ‘बेटी, आधी नीट उर्दू शिक’ किंवा ‘हे मराठीत बसत नाही’. दोन्हीकडून दार बंद. जुने उस्ताद इस्लाह देत तेव्हा शागिर्दाचा शेर आधी ऐकून घेत, मग मिसरा दुरुस्त करत. आता दुरुस्तीच तेवढी राहिली, ऐकणं गेलं. आणि जी नज्म आवडली ती कवीचं नाव गाळून पुढे ढकलली जाते. प्रतापगढी प्रकरणात ती नज्म फैज अहमद फैज यांची की हबीब जालिब यांची की आणखी कुणाची, यावर थेट सुप्रीम कोर्टात चर्चा झाली. मूळ कवी कोण हेच ठाऊक नसलेली नज्म हजारो मोबाईलवर फिरते, यात आपलाही वाटा आहे.

आता त्या निकालाकडे येऊ, कारण त्यातल्या काही गोष्टी आपल्या मुलांच्या रोजच्या उपयोगाच्या आहेत. न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या पीठानं कविता स्वतः वाचली, तिचा अर्थ लावला. ती कुठल्याही धर्माविरुद्ध, जातीविरुद्ध नाही आणि हिंसेचं समर्थनही करत नाही, असा निष्कर्ष काढला. गुजरात हायकोर्टानं जानेवारीत गुन्हा रद्द करायला नकार दिला होता. त्यावरही नाराजी व्यक्त केली. शब्दांचा परिणाम मोजताना कसोटी खंबीर, समंजस माणसाची लावायची, सगळीकडे धोका पाहणाऱ्या कमकुवत मनाची नाही, असं कोर्टानं म्हटलं. ही कसोटी मूळची आपल्या नागपूरची. १९४६ साली तिथल्या हायकोर्टात न्या. व्हिव्हियन बोस यांनी ती मांडली होती, तीसुद्धा इंग्रजांच्या राज्यात.

दुसरी गोष्ट कार्यपद्धतीची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(३) सांगतं की तीन वर्षांहून कमी नाही पण सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या दखलपात्र गुन्ह्यांत पोलीस आधी प्राथमिक चौकशी करू शकतात, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घेऊन, १४ दिवसांत. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, म्हणजे समाजांत तेढ निर्माण करण्याचं कलम, या चौकटीत बसतं. लिहिलेल्या-बोललेल्या शब्दांवरून तक्रार आली तर अशी चौकशी आधी करणंच योग्य, असं सुप्रीम कोर्टानं सांगितलं आहे. म्हणजे शब्द वाचा, ऐका, मग ठरवा.

आसामच्या कवींना २०१९ मध्ये हे कलम उपलब्ध नव्हतं. नवी संहिता जुलै २०२४ मध्ये लागू झाली. पण कलम पुस्तकात असणं वेगळं आणि ठाणे अंमलदारानं ते पाळणं वेगळं. ऑक्टोबर २०२२ मध्ये गोलपारा जिल्ह्यात एका घरात सुरू झालेलं ‘मिया म्युझियम’ दोन-तीन दिवसांत सील झालं. त्यात ठेवलेल्या होत्या नांगर, मासेमारीची साधनं अशा रोजच्या वापरातल्या वस्तू.

म्हणून घरात कुणी लिहिणारं असेल आणि कवितेवरून पोलिसांचं बोलावणं आलंच, तर एकट्यानं जाऊ नका, वकिलाला सोबत घ्या आणि चौकशीआधी गुन्हा नोंदवला का, हे पहिलं विचारा. व्हिडिओचा तुकडा नव्हे, पूर्ण कविता छापून न्या. ती उर्दूत किंवा दखनीत असेल तर तिचा सरळ मराठी अनुवादही जोडा. सुप्रीम कोर्टातही त्या नज्मचा अर्थ अनुवाद समोर ठेवूनच पाहिला गेला. आपल्या तालुक्याच्या ठाण्यात तो अनुवाद आयता करून द्यायला दुसरं कुणी बसलेलं नसतं.