मुलाचे पहिले शाईचे पेन

पाचवी-सहावीतले पोर शाईच्या पेनासाठी हट्ट धरून बसले, तर मायबापांनी लगेच 'नाही' म्हणू नये. केळीच्या मळ्यातला रोज मोडण्याचे कारण नाही; साधे पेन शंभर रुपयांच्या आत मिळते. सोनेरी टोपणाला भुलू नका, निब पाहा. बारीक घ्या. जाड निबेने वेलांट्या-अनुस्वार भरून जातात आणि स्वस्त वहीच्या पातळ कागदावर शाई पसरते. दुकानातच निब शाईत बुडवून 'क्ष', 'ज्ञ' लिहून पाहा. कागद खरवडला तर दुसरे मागा.

ड्रॉपरने शाई भरायचे पेन स्वस्त, शाईही पुष्कळ मावते. पण अर्धे रिकामे झाले की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि थेंब वहीवर पडतो. आपल्या फैजपूरच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात, नेमक्या परीक्षेच्या दिवसांत, हा त्रास वाढतो. म्हणून अर्ध्यावर येताच भरून घ्यावे, खिशात निब वर ठेवावी. पांढऱ्या सदऱ्याची काळजी असेल तर नळीत शाई ओढून घेणारे पेन बरे.

शाई पेनाचीच हवी. 1931 साली मुंबईत दांडेकरांनी शाईच्या पुडीपासून सुरू केलेली कॅम्लिन आजही बाटलीतली शाई विकते. धुतली जाणारी निळी घ्या. चित्रकलेची पक्की काळी शाई आत वाळते, पेन कायमचे बसते. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवा, गरम नको.

बॉलपेनची सवय असलेले मूल दाबून लिहिते, त्याने निब फाकते. पहिले आठ दिवस जवळ बसा, हात हलका ठेवायला सांगा.